खांदा कॉलनीहून कुड्याच्या लेण्यांना

खळे आटोपले, धान्य कणगीत पडले, की शेतकऱ्याच्या घराला चार दिवस मोकळा श्वास मिळतो. रब्बीच्या पाण्याची पाळी एखादे माणूस सांभाळते आणि मग घरातली आई म्हणते, "पोरांकडे जाऊन येऊ या." आपल्या खेड्यांतली कितीतरी मुले आज पनवेलच्या आसपास नोकरीधंदा करतात. कोणी तळोज्याच्या कारखान्यात, कोणी उरणच्या बंदरात, कोणी रोज लोकलने मुंबई गाठणारा. त्यांतल्या बऱ्याच जणांचे बिऱ्हाड खांदा कॉलनीत असते. तिकडे गेलात, तर मुलाच्या दोन खोल्यांत टीव्हीपुढे बसून परत येऊ नका. आणखी दोन-तीन दिवस हाताशी ठेवा आणि समुद्रकाठाने मुरूडपर्यंत व तिथून कुड्याच्या लेण्यांपर्यंत जाऊन या. वाळू आणि नारळाच्या बागा तर पाहायला मिळतीलच, पण दोन हजार वर्षांपूर्वी आपल्यासारख्याच कष्टकरी माणसांनी उभा केलेला एक बौद्ध विहारही पाहायला मिळेल. ही जागा कशी पाहावी आणि तिथे जाताना वाटेत काय काय ध्यानात घ्यावे, ते या लेखात सांगायचे आहे.

जिथून निघायचे ती जागा

आधी खांदा कॉलनीच नीट पाहा. रेल्वेचे खांदेश्वर स्टेशन जवळ आहे. खांदेश्वर महादेवाचे देऊळ आणि त्याच्या शेजारचे तळे आहे. देवळात दर्शन घ्या आणि तळ्याच्या काठावर थोडे बसा. भोवतालच्या उंच इमारती बघताना एक गोष्ट सहज विसरली जाते, ती म्हणजे ही सगळी भातशेती होती. खांदा हे आधी गाव, मग कॉलनी. इथून खाडीपर्यंत आगरी आणि कोळी लोकांची शेते, खाजणे आणि मिठागरे पसरलेली होती.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. शहर हवे होते, हे खरे. पण ज्याच्या पोटाखालची जमीन जाते, त्याला शहराचा नकाशा दाखवून भागत नाही. मोबदला फारच तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि त्यात पाच जणांचे प्राण गेले. पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, तिच्यामागे हा लढा आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळही याच पट्ट्यात आहे. तुमचा मुलगा ज्या खोलीत राहतो, तिच्या पायाखाली कोणाचे तरी शेत आहे. त्याला हे सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण ठाऊक असावे.

पेण, वडखळ आणि चरी

पनवेलच्या स्टँडवरून अलिबागकडे जाणारी एस.टी. मिळते. २०२२ पासून राज्यातल्या ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. त्यामुळे आजी-आजोबांना घरी ठेवून जाण्याचे कारण नाही. आधारकार्ड मात्र बरोबर असू द्या.

पनवेलपासून १२ किलोमीटरवर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य लागते. त्याचा अंगठ्यासारखा सुळका रस्त्यावरूनच दिसतो. पुढे पेण. तुमच्या गावातल्या गणपतीची मूर्ती पेणहून आली असण्याचा फार संभव आहे. पेणच्या पुढे दोन्ही अंगांना खाडीची सपाट जमीन दिसू लागते. इथे समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, यासाठी बांधात झडपेचे दार ठेवतात. त्याला इथे उघाडी म्हणतात. बांध एका रात्रीत फुटला तर नुसते त्या वर्षाचे पीक जात नाही. जमिनीत मीठ मुरते आणि ते धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात. देशावरच्या आपल्या बांधाशी आपले वैर पाण्याच्या ओघळीचे, तर इथल्या शेतकऱ्याचे समुद्राशी.

वडखळला गोव्याचा रस्ता सोडून गाडी अलिबागकडे वळते. याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवावे. १९३३ साली चरी आणि आसपासच्या २५ गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायचे बंद केले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पीक कुळाने काढायचे आणि त्यातला मोठा वाटा खोताच्या घरी पोचवायचा, वर वेठबिगार निराळी, या रीतीला लोक कंटाळले होते. हा संप चार-आठ दिवसांचा नव्हता. तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे हाताने पेरलेले भात घरात आले नाही, तरी लोक मागे हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांची बाजू उचलली आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे आलेल्या कूळ कायद्यांमागे या गावांचे उपास आहेत. तुमच्या सातबारावर आजोबांचे नाव कूळ म्हणून लागले असेल, तर त्या नावाला चरीचाही हातभार आहे.

अलिबाग, चौल आणि रेवदंडा

अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटी असली की चालत जाता येते, भरती लागली की परतीची वाट बंद होते. इथे तुमच्या घरातले पंचांग उपयोगी पडेल. कोकणातल्या दर्यावर्दी लोकांचा एक सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास. त्या दिवसांत पाणी जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब अंदाजाचा आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तेव्हा किल्ल्याकडे निघण्यापूर्वी काठावरच्या माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वेण्या घालून टांगलेला तो कांदा रस्त्याकडेला दिसेल. चव गोडसर. एक वेणी घरी न्या, आणि विकणाऱ्या बाईंना लागवड कधी, बी कुठले, हेही विचारा. शेतकऱ्याने शेतकऱ्याला विचारले की उत्तर मनापासून मिळते.

पुढे चौल आणि रेवदंडा ही जुळी गावे. आज नारळी-पोफळीच्या सावलीत निवांत पडलेले चौल एके काळी मोठे बंदर होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशांच्या पुस्तकात त्याचे नाव आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत त्याला चेमुल म्हटले आहे, कारण चेमुलच्या लोकांनी कान्हेरीला दान दिले होते. १४६९ साली रशियाचा प्रवासी अफानासी निकितीन इथेच उतरला. तो विकायला एक घोडा घेऊन आला होता. परमुलखात जनावर विकण्याची त्याची यातायात वाचली, तर बाजारात बैल घेऊन बसलेल्या माणसाला हसूही येईल आणि कीवही येईल. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. पोर्तुगिजांनी बांधलेल्या तटाच्या भिंतीही तिथे आहेत. खाडी ओलांडली की कोरलई. या छोट्या गावातले काही लोक अजूनही पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली स्वतःची वेगळी बोली घरात बोलतात.

काशिद आणि मुरूड

कोरलईच्या पुढे रस्ता समुद्राला धरून जातो. काशिदची वाळू पांढरट आणि मऊ. पोरे गाडी थांबायच्या आधीच धावतील. तेव्हा एक गोष्ट कडकपणे सांगा : पाण्यात घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत. विहिरीत पोहणारा पट्टीचा पोहणारा असला, तरी समुद्राची गोष्ट वेगळी. विहिरीचे पाणी जागेवर असते. समुद्राचे पाणी परत फिरताना पायाखालची वाळू घेऊन जाते. काशिदला बुडून माणसे गेली आहेत. ओहोटी लागली असताना आत जाऊ नका, आणि पावसाळ्यात तर पाण्याला शिवूच नका.

मुरूडचा किनारा लांब आणि पसरट आहे, वाळू काळसर. मुक्काम इथे करावा. घरगुती राहण्या-जेवण्याची सोय होते. मासे खाणाऱ्यांना मासे, न खाणाऱ्यांना वालाचे बिरडे आणि सोलकढी. संध्याकाळी वाळूत बसले की समोर पाण्यात पद्मदुर्ग दिसतो. सकाळी राजपुरीला जाऊन शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा. सिद्दीचा हा किल्ला अखेरपर्यंत अजिंक्य राहिला. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले, तोवर नवाबाचे राज्य होते. सगळे लोक कलालबांगडी तोफेभोवती गर्दी करतात. तुम्ही तोफ पाहा, पण आतली गोड्या पाण्याची दोन तळीही पाहा. चारी बाजूंना खारे पाणी आणि मधोमध साठवलेले गोडे पाणी. त्या पाण्याशिवाय तोफांच्या जोरावर किल्ला किती दिवस टिकला असता, याचा हिशेब पाण्याच्या टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला समजावून द्यावा लागत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

मुरूडच्या वाड्यांतून एक फेरी मारा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांतल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. आपला कापूस गेला तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. सुपारीचे झाड लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि नारळालाही वाट पाहावीच लागते. बापाने लावलेले झाड मुलगा खातो, अशी ही शेती. त्यानंतर काहींनी पुन्हा रोपे लावली, तर काहींनी वाडी विकून टाकली आणि तिथे शहरातल्या माणसाचा बंगला उभा राहिला. विकणाऱ्याला बोल लावणे सोपे आहे. पण त्याच्या घरी मुलीचे लग्न, बँकेचा हप्ता आणि आडव्या पडलेल्या तीनशे पोफळी एकाच वर्षी आल्या असतील, तर आपण काय केले असते, हा विचार करत पुढे निघा.

खाडीकाठचा विहार

आता कुडा. राजपुरीच्या खाडीचे पाणी आत खूप दूरवर गेले आहे. या खाडीच्या आतल्या टोकाकडे मांदाड आणि कुडा ही गावे आहेत. आज हा भाग तळा तालुक्यात येतो. मुरूडहून खाडीला वळसा घालून तळ्याकडे यावे लागते. पनवेलहून सरळ यायचे असेल तर मुंबई-गोवा रस्त्याने इंदापूरला उतरून तळ्याकडे वळावे. हे इंदापूर माणगाव तालुक्यातले, पुणे जिल्ह्यातले नव्हे. तिकिटे काढताना घोटाळा होऊ देऊ नका. इथे एस.टी.च्या फेऱ्या थोड्या आहेत, म्हणून चार-पाच घरांनी मिळून जीप ठरवली तर दिवस वाया जात नाही. लेण्यांपाशी खायला मिळेल या भरवशावर राहू नका. भाकरी, चटणी आणि पिण्याचे पाणी बरोबर घ्या.

टेकडी फार उंच नाही. तिच्या पोटात २६ लेणी कोरलेली आहेत. काही पूजेची, म्हणजे आत स्तूप असलेली चैत्यगृहे, आणि बाकीची भिक्षूंच्या राहण्याची. राहण्याच्या खोल्या अगदी साध्या. एक माणूस आडवा होईल एवढी खोली आणि झोपायला दगडाचा ओटा. सहाव्या लेण्यापाशी थांबा. त्याच्या तोंडाशी दगडात कोरलेले हत्ती आहेत आणि आत स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत. बुद्धाच्या मूर्ती मागाहून, काही शतकांनी कोरल्या गेल्या. मूळ लेणी त्याहून जुनी, सातवाहनांच्या काळातली.

मुलांनी विचारले की भिक्षू इथे का राहत, तर त्यांना आपल्या भाषेत असे सांगा. भिक्षू हा फिरता माणूस. भिक्षा मागावी, उपदेश करावा, पुढच्या गावाला जावे. पण पावसाळ्यात त्यांनी एका जागी राहावे, असा बुद्धांचा नियम आहे. बौद्धांच्या जुन्या ग्रंथात त्याचे कारण दिले आहे. पावसात हिंडणारे भिक्षू हिरवे कोंब आणि लहान जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी ती मानली. म्हणून आषाढापासून वर्षावास. आपल्या पेरणी-लावणीचे दिवस तेच भिक्षूंच्या मुक्कामाचे दिवस. आपल्याकडे चातुर्मासात एका जागी राहणारे साधू पाहिलेल्यांना यात काही परके वाटणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती लेण्याच्या ओसरीत उभे राहून खाली पाहत सांगावी. खाली भाताची खाचरे दिसतात, बांधांनी आखलेली, लहान-मोठी. बुद्धांनी मगध देशात अशीच भाताची खाचरे पाहिली आणि शिष्य आनंदाला विचारले, भिक्षूंची चिवरे या खाचरांसारखी शिवता येतील का? आनंदाने तशी शिवून दाखवली. आजही बौद्ध भिक्षूचे वस्त्र तुकडे जोडून, मधल्या शिवणी बांधासारख्या ठेवून शिवलेले असते. जगातल्या कितीतरी देशांतले भिक्षू अंगावर शेतकऱ्याच्या खाचराची आखणी घेऊन फिरतात. ही गोष्ट आपल्या शाळेतल्या गुरुजींनाही सांगण्यासारखी आहे.

देणाऱ्यांची नावे

आता मुख्य गोष्ट. हा विहार कोणा एका राजाने बांधलेला नाही. लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत आणि त्यांत देणाऱ्यांची नावे आहेत. या भागात महाभोज नावाचे सरदार घराणे होते. त्यांतल्या मांदव खंदपालिताचे नाव लेखात येते. मांदव म्हणजे शेजारच्या मांदाडचा, असे अनेक अभ्यासक म्हणतात. पण लेणे दिले ते त्याच्या पदरच्या लेखकाने, म्हणजे आजच्या भाषेत कारकुनाने. त्याचे नाव शिवभूती आणि त्याच्या दानात बायको नंदा हिचेही नाव आहे. शिवभूतीच्या धाकट्या भावाने, शिवमाने, सहावे लेणे दिले. त्यातले मूर्तिकाम त्याची बायको विजया आणि मुलगे यांच्या नावावर आहे, आणि खांब चार मुलींच्या नावावर. अख्खे कुटुंबच त्या दगडावर लिहिले आहे. लेकींची नावे वगळलेली नाहीत. वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचे नाव लावायचे की नाही यावरून आज घरे फुटतात, तेव्हा या चार खांबांची आठवण व्हावी.

बाकीचे देणारे पाहा. एक सोमदेव नावाचा वैद्य, मुलाबाळांसह. एक फुलांच्या माळा करणारा माळी. एक लोखंडाचा व्यापारी, नाव महिक, राहणारा करहाकडचा, म्हणजे आजच्या कऱ्हाडचा. कृष्णाकाठचा माणूस घाट उतरून समुद्राकाठी लोखंड विकायला येत असला पाहिजे. विळे, फाळ, कुऱ्हाडी विकून गाठीला पैसा जमला, त्यातून त्याने इथे लेणे कोरवले. भयिला नावाच्या ब्राह्मण बाईने चैत्यगृह दिले. पदुमनिका नावाच्या भिक्षुणीने आपल्या दोन शिष्यिणींसह लेणे आणि पाण्याचे टाके दिले. लेखात टाक्याला पोढी म्हटले आहे आणि लेण्याला लेण. तो शब्द तुमच्या-आमच्या तोंडी जवळजवळ तसाच आहे. ती टाकी अजून आहेत. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी दगडातच धरायचे आणि ते उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे, ही युक्ती पाहून घ्या. शेततळे करणाऱ्याला तिथे शिकण्यासारखे आहे.

लेणे एकदा कोरून दिले की काम संपत नाही. राहणाऱ्यांना रोज जेवण हवे, वस्त्र हवे. त्याची तजवीज कशी होई, ते दुसऱ्या ठिकाणच्या लेखांवरून कळते. कान्हेरीला शेत दान दिल्याचे लेख आहेत. त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना पावसाळ्यात वस्त्रे मिळत. जुन्नरला तर वीस निवर्तने जमिनीचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचे वडाची झाडे लावण्यासाठी नेमून दिले आहे. निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप. म्हणजे जमीन आपल्याकडे राहिली तरी तिच्या उत्पन्नातून सावली लावायची, असा तो विचार. भिक्षूंच्या झोळीत पडणारा रोजचा भात मात्र खालच्या खाचरांतला. तो पिकवणाऱ्यांची नावे भिंतीवर नाहीत. दगड फोडणाऱ्या पाथरवटांचीही नाहीत. तुम्ही जाल तेव्हा त्यांना मनातल्या मनात जमेला धरा. आपली आणि त्यांची जात एकच, कष्टाची.

हा जिल्हा पूर्वीचा कुलाबा, आताचा रायगड. याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. महाडजवळ गांधारपाल्याला अशीच बौद्ध लेणी आहेत. कुड्याच्या पोढीचे पाणी दान होते. त्याच मुलखात पुढे माणसाला तळ्याच्या पाण्याची बंदी झाली आणि ती मोडायला सत्याग्रह करावा लागला. हा फरक मुलांना समजावून सांगणे, हेही या यात्रेचे एक काम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबे इथे श्रद्धेने येतात. तेव्हा ही नुसती सहलीची जागा समजू नका. स्तूपापुढे चपला काढाव्यात, आत जेवायला बसू नये आणि टाक्यात हात-पाय धुऊ नयेत.

आणखी एक विनंती. लेण्यांच्या भिंतींवर खिळ्याने, कोळशाने आपली नावे लिहून जाणारे महाभाग सगळीकडे असतात. कारकून, माळी आणि वैद्य यांनी आपल्या गाठीचे देऊन तिथे नाव मिळवले. तिथे फुकटचे नाव लिहायचे नसते. मुलांच्या हातात खडू दिसला तर काढून घ्या. ही वास्तू पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि तिला इजा करणे हा गुन्हाही आहे.

परत येताना गोव्याचा रस्ता धरून कोलाड, नागोठणे, वडखळ असे पनवेलला येता येते. रात्री खांदा कॉलनीत पोचलात, की मुलाशी एका गोष्टीवर बोला. तुमच्या गावालाही उद्या रस्ता येईल, कारखाना येईल, कोणी वाडीला दुप्पट भाव सांगत दारात उभा राहील. त्या वेळी घाई करू नका. चरीच्या लोकांनी जमिनीसाठी सहा वर्षे काढली, उरणला पाच जणांनी जीव दिला. विकायचीच वेळ आली तर घरातल्या सगळ्यांना, लेकीसुनांनाही, बसवून ठरवा, कागद वाचून घ्या, आणि आलेल्या पैशातून थोडे तरी गावाच्या उपयोगाचे उभे करा. मग ते शाळेचे पाण्याचे टाके असो की रस्त्याकडेची चार वडाची झाडे. कऱ्हाडच्या लोखंड-व्यापाऱ्याचा सगळा धंदा कधीच बुडाला, त्याचे घर कुठे होते ते कोणी सांगू शकत नाही. त्याने कुड्याला दिलेले लेणे मात्र पाहायला तुम्ही जाल. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचे दिवस चांगले. यंदाच जमवा.